चांदीच्या आयआरएत ४४,८०० डॉलर गेले, वर रॉथचा करही भरला

लाज वाटते, तरी लिहितोय. सप्टेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, जुन्या नोकरीतल्या ४०१-के चे (अमेरिकेतलं कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं) १,१८,४०० डॉलर मी एका दलालाच्या नादी लागून चांदीच्या आयआरएत (स्वतःच्या नावचं निवृत्ती खातं, त्यात शेअरऐवजी चांदी) टाकले. एकेक औंसाची ३,२०० नाणी, दर ३७ डॉलर. त्या दिवसांत चांदीचा भाव २३ च्या आसपास होता. म्हणजे सही करतानाच ४४,८०० डॉलर गेले.

मी अडाणी नाही. न्यू जर्सीत पंचवीस वर्षं डेटाबेस सांभाळतोय. पण त्याच वर्षी बँका बुडाल्या होत्या, तो माणूस तीन आठवडे रोज फोन करत होता, आणि "तुम्हा भारतीयांना धातूची पारख असते" हे त्याचं बोलणं मला गोड लागलं.

एक क्षण अजून झोपू देत नाही. मी विचारलं, "आजचा भाव काय?" तो म्हणाला, "भाव बघू नका, ही नाणी मोजकीच निघालीत." तिथेच फोन ठेवायला हवा होता. लक्ष्मी रोडवर माझी आई साधी अंगठी घेतानाही आधी आजचा भाव विचारायची, मग घडणावळ, आणि उठता उठता, "मोडायला आणली तर किती कापाल?" हा एवढा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. उलट रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर त्यांच्या प्रत्येक वाक्याला मी 'यस' म्हणत गेलो. खरेदी-विक्रीच्या दरातला फरक मला मान्य आहे, हेही त्यातच होतं. तुम्हाला असा फोन आला तर लगेच ठेवून द्या.

ट्रॅडिशनल आयआरएत, म्हणजे ज्यात कर पैसे काढताना लागतो त्या खात्यात, पैसे नेताना कर शून्य होता. तिथेच थांबलो असतो तर निम्मं दुःख वाचलं असतं. डिसेंबरात त्याचा परत फोन: "रॉथमध्ये फिरवा. आत्ता कर भरा, चांदी तिप्पट झाली की सगळं करमुक्त." रॉथ म्हणजे कर आधी भरून पुढे करमुक्त पैसे देणारं आयआरए. ते वाईट नाही. निवृत्तीनंतर तुमचा कराचा टप्पा आजच्यापेक्षा वर जाणार असेल तर जरूर विचार करा. आमचा खाली येणार होता. फिरवलेली रक्कम त्याच वर्षीच्या उत्पन्नात धरतात, आणि कस्टोडियनने (खातं सांभाळणाऱ्या संस्थेने) किंमत लावली ती दलालाच्याच दराने, पूर्ण १,१८,४००. फेडरल कर २४ टक्क्यांनी २८,४१६, राज्याचा ७,५४२. मिळून ३५,९५८ डॉलर, मुलीच्या कॉलेजच्या पैशांतून. त्यातले १३,६०६ तर त्या गेलेल्या ४४,८०० वरचे! मार्चमध्ये माझा सीपीए (कर सल्लागार) म्हणाला, २०१८ पासून हे रूपांतर उलटवता येत नाही. त्याला डिसेंबरातच विचारायचं होतं. धातू विकणाऱ्याकडून कराचा सल्ला कधीही घेऊ नका.

तक्रारींचं तर विचारूच नका. गावातले पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. राज्याच्या ग्राहक कार्यालयाचं उत्तर अकरा आठवड्यांनी आलं: सही तुमची, रेकॉर्डिंगवर आवाज तुमचा. फेडरल कार्यालयाने तक्रार क्रमांक दिला, त्यापुढे एक अक्षर नाही. फोन केला की तोच क्रमांक वाचून दाखवतात. कस्टोडियन म्हणतो, किंमत योग्य की अयोग्य हे आम्ही बघत नाही. मग वर्षाची फी कशाची घेता? माझ्या करपत्रकावर चुकीचा आकडा तुमच्यामुळे गेला, तो दुरुस्त करायलाही तुम्ही तयार नाही. चार ठिकाणी तीच कागदपत्रं, तीच कहाणी, आणि प्रत्येक ठिकाणी मीच गुन्हेगार असल्यासारखे प्रश्न.

नाणी घरी ठेवा, असंही तो दलाल सुचवत होता. हे तरी मी ऐकलं नाही. २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने अशा प्रकरणात घरी ठेवलेली नाणी म्हणजे पैसे काढलेच असं धरून कर लावला. साडेएकोणसाठच्या आत असाल तर वर सहसा दहा टक्के दंडही बसतो.

नंतर चांदी चढली, मग तक्रार कसली, असं मेहुणा म्हणतो. तेवढ्याच पैशात साध्या नाण्यांचे साडेचार हजार औंस आले असते. माझ्याकडे ३,२०० आहेत.