सीलबंद खोकं की उघडं मशीन? जुन्या हार्डवेअरच्या तीन ठिकाणांचं परीक्षण

जुनं कॉम्प्युटर हार्डवेअर मुख्यतः तीन जागी सापडतं. न खपलेला माल धूळ खात पडलेलं वितरकाचं गोदाम, दुरुस्तीच्या जुन्या दुकानाचा पोटमाळा, आणि कार्यालयांतून निघालेली मशीन उचलणारा भंगारवाला. शोधायला निघालेला माणूस आधी गोदामाकडे धावतो, कारण तिथे कोरी, सीलबंद खोकी असतात. ही धाव निम्मी चुकीची आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर दुकानाला चार, गोदामाला तीन आणि भंगाराला अडीच. गोदामाचे गुण कापले जातात ते मुख्यतः एका निळ्या बॅटरीमुळे.

३८६ आणि ४८६ या प्रोसेसरांच्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर घड्याळ आणि सेटअप टिकवण्यासाठी ३.६ व्होल्टची रिचार्जेबल निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असे. बहुतेकदा ती वार्टा कंपनीची, निळ्या वेष्टनातली. मशीन चालू असो वा बंद, पंधरा-वीस वर्षांत ती फुटायचीच. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बोर्डावर पसरतं, हिरव्या लेपाखाली शिरतं आणि तांब्याचे ट्रेस, म्हणजे चिपा जोडणाऱ्या बारीक रेघा, खातं. बॅटरीची जागा बहुधा कीबोर्डच्या सॉकेटशेजारी असते, म्हणून पहिला बळी कीबोर्ड कंट्रोलरचा. वापरात राहिलेल्या मशीनमध्ये तारीख टिकेना म्हणून कुणीतरी कधीतरी ती बॅटरी कापून टाकलेली असते. खोक्यातल्या बोर्डाकडे मात्र कारखान्यातून निघाल्यापासून कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणजे ‘नवाकोरा’ बोर्ड वापरलेल्या बोर्डापेक्षा वाईट निघण्याची शक्यता चांगलीच असते.

त्यामुळे पहिला नियम: खोकं उघडून दाखवत नसतील तर घेऊ नये, सील कितीही देखणं असो. सोबत टॉर्च आणि भिंग हवं. बॅटरीच्या पायांशीच थोडी हिरवी-निळी भुकटी असेल तर बोर्ड घ्यायला हरकत नाही. जवळच्या स्लॉटच्या आतली पितळी पातं काळवंडली असतील, चिपसेटच्या पायांवरचं सोल्डर राखाडी, निस्तेज दिसत असेल, किंवा ट्रेस लेपाखालून काळे पडले असतील, तर तो बोर्ड सुट्या भागांसाठीच. स्लॉटच्या तळाशी गेलेला गंज वरून दिसत नाही, म्हणून बोर्ड उलटा करून स्लॉटच्या पिनांची ओळ पाहावी.

साफसफाईचा क्रम ठरलेला आहे. बॅटरी कापायची. जुन्या टूथब्रशने पांढरं व्हिनेगर लावायचं. गळलेला द्रव अल्कली असतो, आम्लाने तो शमतो. मग डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, त्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळवणं. व्हिनेगर न धुता सोडलं तर उरलेले ट्रेस तेच खातं, आणि ही चूक सर्रास होते. वाळल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवून बॅटरीभोवतीचा प्रत्येक ट्रेस टोकापासून टोकापर्यंत तपासायचा. वरून धड दिसणारा ट्रेस बऱ्याचदा बोर्डाच्या आरपार जाणाऱ्या भोकातच तुटलेला असतो. तिथे ३० गेजची बारीक तार सोल्डर करावी.

नवी बॅटरी लावताना घाईघाईत सीआर२०३२ हा नाण्यासारखा लिथियम सेल बसवू नये. मूळ बॅटरी चार्ज होणारी होती, बोर्ड तिच्या जागी करंट ढकलतच राहतो आणि लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं. सेलच्या मार्गात एक शॉट्की डायोड टाकायचा, म्हणजे उलटा करंट अडतो. त्याहून बरा मार्ग म्हणजे बाहेरच्या बॅटरीसाठी दिलेली चार पिनांची जागा. बहुतेक बोर्डांवर ती असते. तिथे सेलची डबी लावून, जवळचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) ‘बाहेरची बॅटरी’ या स्थितीत आणायचा आणि डबी बोर्डापासून दूर चिकटवायची.

याच कारणाने गोदामात निवडायला मिळालं तर डॅलस कंपनीचा काळा ठोकळा (सेल आतच असलेली घड्याळाची चिप) असलेला बोर्ड उचलावा. डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७ असं त्यावर छापलेलं असतं. आतला लिथियम सेल साधारण दहा वर्षांत मरतो, पण गळून बोर्ड खात नाही. नवा पर्यायी मॉड्यूल बसवता येतो. तो नसेल तर ठोकळ्याची बाजू हळूहळू कोरून १६ आणि २० क्रमांकाच्या पिनांशी बाहेरचा ३ व्होल्टचा सेल जोडतात. १६ म्हणजे ऋण, २० म्हणजे धन. जुन्या सेलचा जोड आधी कापायला हवा, नाहीतर नवा सेल मेलेल्या सेलला पोसत बसतो.

गोदामातल्या ४८६ च्या शेवटच्या पिढीत आणखी एक लबाडी भेटते: खोटी कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी). काही स्वस्त बोर्डांवर कॅशेच्या जागी नुसत्या प्लास्टिकच्या पोकळ चिपा सोल्डर केलेल्या आहेत, आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) मात्र सुरू होताना २५६ केबी ठोकून सांगतो. चिपवर उत्पादकाच्या नाव-क्रमांकाऐवजी ‘राइट बॅक’ असं काही छापलेलं असेल, चिपा सॉकेटमध्ये नसून थेट चिकटलेल्या असतील आणि पायांपासून निघणारे ट्रेस कुठेच जात नसतील, तर समजून जावं.

गोदामातून डोळे झाकून घ्यावा असा माल वेगळाच असतो आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. बॅटरी नसलेली नेटवर्क कार्डं, ड्राइव्ह आणि पोर्ट जोडणारी मल्टी आय-ओ कार्डं, ३४ आणि ४० तारांच्या रिबन केबली, सिरियल पोर्टच्या पट्ट्या, ड्राइव्हचे रूळ, आणि जंपरची छापील पानं. नाव-गाव नसलेल्या बोर्डाचं ते एक घडीचं पान हाती असलं की बोर्ड वापरता येतो, नसलं की जंपर लावणं म्हणजे अंधारात तीर. रॅम घेताना मात्र संच मोजून घ्यावेत: ३० पिनांची सिम (रॅमची पट्टी) ८ बिटची, म्हणून ३८६ डीएक्स आणि ४८६ ला एकसारख्या चार लागतात, २८६ आणि ३८६ एसएक्सला दोन. ७२ पिनांची ३२ बिटची, ४८६ ला एक पुरते, पेंटियमला जोडी हवी.

आता दुकान. पोटमाळ्यावरचा माल कुठल्या ना कुठल्या चालू मशीनमधून निघालेला असतो, हाताळलेला असतो, म्हणून सरासरीने बरा. पण खरी मजा ‘बंद’ म्हणून बाजूला टाकलेल्या ढिगात आहे, कारण त्यातला बराच माल बंद नसतोच. थ्रीडीएफएक्स कंपनीचं १९९६ चं पहिलं वूडू आणि १९९८ चं वूडू२ ही कार्डं फक्त थ्रीडी काम करतात. नेहमीच्या ग्राफिक्स कार्डाचं चित्र बाहेरून एका छोट्या केबलने त्यांच्यात यावं लागतं. एकटं लावून मॉनिटर जोडला की पडदा काळा, आणि कार्ड गेलं मेलेल्यांत. मागच्या पट्टीवर १५ पिनांची दोन सॉकेटं दिसली की थांबावं. वूडू२ मध्ये चिपांचे पाय अतिशय बारीक आणि कडेला उघडे असतात. ढिगात दाबून ते वाकतात किंवा एकमेकांना टेकतात. भिंगाखाली वाकलेला पाय सुईने सरळ होतो, तुटलेला मात्र नेहमी जोडता येतोच असं नाही. ८ एमबी आणि १२ एमबी असे दोन प्रकार आहेत. दोन कार्डं जोडून चालवायची असतील तर सारख्या मेमरीची घ्यावीत.

आयबीएमच्या १९८१ च्या ५१५० आणि १९८३ च्या ५१६० मशीनचंही असंच होतं. बटण दाबलं, पंखा किंचित हलला आणि शांत. पॉवर सप्लाय गेला असं निदान होतं, पण पुष्कळदा १२ व्होल्टच्या वाटेवरचा एखादा टँटलम कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो आणि सप्लाय स्वतःला वाचवत असतो. सगळी कार्डं काढून १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यात रेझिस्टन्स मोजावा. एक-दोन ओहम आला तर दोष बोर्डावर. गुन्हेगार बहुधा १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा, थेंबाच्या आकाराचा कपॅसिटर असतो. जागी २५ व्होल्टचा बसवावा. शिवाय त्या काळचे सप्लाय भार नसेल तर सुरूच होत नाहीत. टेबलावर नुसता सप्लाय लावून ‘बंद’ ठरवणाऱ्याशी वाद घालू नये, त्याच भावात घेऊन यावं.

साउंड कार्डात नावापेक्षा बोर्डावरचा क्रमांक आणि चिप वाचावी. संगीत वाजवणारी यामाहाची वायएम३८१२ चिप म्हणजे ओपीएल२, वायएमएफ२६२ म्हणजे ओपीएल३. साउंड ब्लास्टर १६ वर वायएमएफ२६२ दिसली नाही तरी सीटी१७४७ चिप असेल तर ओपीएल३ तिच्या पोटातच आहे. सीटी१९७८ दिसली तर ती साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या क्रिएटिव्हची स्वतःची नक्कल. डॉसच्या खेळांचं संगीत तिच्यावर धातूसारखं किनरं वाजतं. क्रिएटिव्हचं एडब्ल्यूई६४ कार्ड घेणाऱ्यांनी हे आधीच मनात धरावं.

भंगाराला अडीच गुणच, कारण तिथे माल फेकला जातो. सोन्यासाठी सिरॅमिक प्रोसेसर आधीच उपटलेले असतात, पेंटियम प्रो तर जवळपास नसतोच. १९९९ नंतरच्या चार-पाच वर्षांतल्या बोर्डांवर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर फुगलेले सापडतात. बदलणं अवघड नाही, पण लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेल्या) प्रकारचेच घ्यायला हवेत. एमएफएम या जुन्या पद्धतीची हार्डडिस्क, उदाहरणार्थ सीगेटची २० एमबीची एसटी-२२५, दिसली तर तिच्या ३४ आणि २० तारांच्या केबली ज्या कार्डात गेल्या आहेत ते कार्डही सोबत उचलावं. दुसऱ्या जातीच्या कंट्रोलरवर तिच्यातला डेटा वाचता येत नाही, पुन्हा लो-लेव्हल फॉरमॅट करावं लागतं.

तरीही भंगारात जावं ते आयबीएमच्या मॉडेल एम कीबोर्डसाठी. मागच्या लेबलवर तयार झाल्याची तारीख असते, १३९१४०१ हा सर्वांत परिचित क्रमांक. उचलून हलवावा: आत खडखडलं तर प्लास्टिकचे रिव्हेट तुटलेत. चार-पाच गेले तर चालतं. जास्त गेले की पत्रा उचलला जाऊन काही बटणं मऊ लागतात, मग सगळे रिव्हेट छाटून, भोकं पाडून एम२ चे स्क्रू लावायचे. निवांत एक दिवसाचं काम. चहा-पाणी सांडलेला असेल तर आतली पडदी खराब असते, तो सोडावा. केबल सुटी होणारी असते आणि भंगारात हमखास हरवलेली, तिचा भाव वेगळा धरावा. यूएसबीसाठी साधा पिनजोड अडॅप्टर चालत नाही, आत चिप असलेला लागतो.

कुठूनही आणलेलं मशीन थेट विजेला लावायचं नाही. सप्लाय उघडून आधी पिवळट पारदर्शक, तडकलेला रिफा कंपनीचा कपॅसिटर आहे का पाहावं. तडीतून ओल शिरलेली असते; चालू केल्यावर काही मिनिटांत तो उग्र धुरासह फुटतो. जागी त्याच क्षमतेचा एक्स२ (थेट मेन्सवर लावायच्या) वर्गाचा पॉलिप्रॉपिलिन बसवावा. आत हात घालण्यापूर्वी मोठे कपॅसिटर रिकामे झालेत हे मीटरवर पाहणं सक्तीचं. मग सप्लायला जुन्या हार्डडिस्कचा भार देऊन ५ आणि १२ व्होल्ट मोजायचे. बोर्डाला वीज देणारे पी८ आणि पी९ हे दोन जोड लावताना चारही काळ्या तारा मध्ये शेजारी-शेजारी याव्यात, उलट झालं तर बोर्ड जातो. पहिल्यांदा फक्त प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड.

बोर्ड सुरू होऊन बोलला की लगेच बायोसची चिप वाचून ठेवावी. खिडकीवाल्या इप्रॉमवरचं (खिडकीतून पडणाऱ्या अतिनील प्रकाशाने पुसली जाणारी चिप) लेबल उचकटू नये, ते सुटलं असेल तर खिडकीवर अपारदर्शक पट्टी लावावी. प्रोग्रॅमरवर दोनदा वाचून दोन्ही फाइल तंतोतंत जुळल्या, तरच चिप परत सॉकेटमध्ये. जुळल्या नाहीत तर आधी चिपचे पाय आणि सॉकेट अल्कोहोलने पुसून तिसऱ्यांदा वाचायचं.