टेनरच्या वरच्या सुरांसाठी मेस्सा दि वोचे आणि स्पेक्ट्रोग्राम: काही महिन्यांच्या वापरानंतर

टेनरने, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकाने, वरचा सूर हळू लावला की तो हेड व्हॉइस (भरता येणारा, भक्कम वरचा आवाज) आहे की फॉल्सेटो (हलका, पोकळ आवाज), हे गाणाऱ्याला आतून नीट कळत नाही. डोक्यात गुंजतंय म्हणजे हेड व्हॉइस, हा निकष तर धरूच नका. फॉल्सेटोही तिथेच गुंजतो. पावसाळ्यापासून रियाजात मी मेस्सा दि वोचे करतोय, म्हणजे एकच सूर हळू लावून भरत न्यायचा आणि पुन्हा विरवायचा. समोर फोनवर स्पेक्ट्रोग्रामचं ॲप, म्हणजे मूळ सूर आणि त्याच्यासोबत उमटणारे वरचे उपस्वर पडद्यावर रेघांनी दाखवणारं.

ॲपचं काम मर्यादित, पण चोख. टेनरचा आवाज छातीकडून वरच्या आवाजाकडे जिथे वळतो त्या सुरावर, म्हणजे पेटीच्या काळी तीनवर (एफ शार्प) 'ओ' धरला, की फॉल्सेटोत मूळ सुराची रेघ ठळक आणि वरच्या रेघा भराभर पुसट होतात. स्वरतंतू ताणून पातळ झालेले, कडा तेवढ्या कंप पावतात, मिटणंही अपुरं. मग वरचे उपस्वर येणार कुठून? हेड व्हॉइसमध्ये तंतूंमधला स्नायू काम सोडत नाही, तंतू नीट मिटतात आणि ३००० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा फिका का होईना, टिकतो. फोनचा माइक मात्र आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो, त्यामुळे हळू-जोरातली तुलना फसवी ठरते. ती सोय बंद होते का, आधी बघा.

खरी कसोटी मेस्सा दि वोचेचीच. फॉल्सेटो भरत नेला की मध्येच आवाज उडी मारतो, पडद्यावर रेघ तुटते. हेड व्हॉइस सलग भरतो. सुरुवातीला काळी तीनवरच तुटायचं. आता पांढरी पाच निभते, पांढरी सहाचा भरवसा नाही. आवाज तापल्याशिवाय करू नका, घसा धरतो.

एवढा खटाटोप कशाला? 'कारमेन' या ऑपेरात (१८७५) डॉन होसेच्या फुलाच्या गाण्यातली वरची काळी पाच बिझेने अगदी हळू लिहिली आहे. 'आयदा' या ऑपेरात (१८७१) रादामेसची आरिया, म्हणजे एकट्याचं गाणं, त्याच सुरावर विरत संपते. बरेच टेनर दोन्हीकडे जोर लावतात, आणि मला ते खटकतं. १८३७ मध्ये द्युप्रे या टेनरने पॅरिसच्या ऑपेरात रोसिनीच्या 'विल्यम टेल'मधला वरचा सी (वरची पांढरी एक) छातीच्या आवाजात लावला, तेव्हापासून कान त्या दणक्याला सरावले. त्याआधी नूरी हा टेनर तीच भूमिका वरच्या सुरांत हलक्या आवाजाने गायचा.

स्वरांपैकी 'ऊ'ने सुरू करा, तो सगळ्यात लवकर वळतो. 'आ' वर गेला की पसरतो आणि वजन ओढतो, म्हणून मी तो अजून काळी तीनच्या खालीच ठेवलाय.