लंगोट की डायपर? आणि चट्टे उठलेच तर लावायचं काय?

पावसाळ्यात बाळ झालं की आठवड्याभरात घरात हा वाद सुरू होतो. दोरीवर वीस लंगोट, सगळे दमट. आजी म्हणते डायपरने चट्टे उठतात, आई म्हणते हे वाळणार कधी? दोघींचंही अर्धं खरं. चट्टे उठतात ते ओल अंगाशी राहिल्याने. शी आणि शू एकत्र झाली की अमोनिया तयार होतो, त्वचेची मुळातली आम्लता कमी होते आणि शीतली पाचकद्रव्यं कोवळ्या कातडीला झोंबतात. वर कापड घासतं ते वेगळंच.

सुती लंगोट ओला झाल्याचं लगेच कळतं, हाच त्याचा मोठा गुण. हाताशी सतत कुणी असेल तर दिवसा त्याला तोड नाही. पण तो ओल अंगालाच धरून ठेवतो. रात्री तीन तास तसाच राहिला की सकाळी ढुंगण लाल. शिवाय धुताना साबणाचा किंवा जंतुनाशकाचा अंश राहिला तर त्यानेही आग होते. शेवटी दोनदा साध्या पाण्यातून काढायचा.

डायपरमध्ये शू शोषून तिचं जेल करणारे कण असतात, म्हणून अंगाजवळचा थर बराच कोरडा राहतो. त्याची खोड एकच: तो माणसाला निवांत करतो. ‘अजून भरला नाही’ म्हणत सहा तास ठेवला आणि आत शी असेल, तर त्या कोरडेपणाचा काही उपयोग नाही. शी झाली की लगेच, एरवी दिवसा दर दोन-तीन तासांनी बदलायचा.

माझा कौल: घरी दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. संततधार लागली तर दिवसाही डायपर, आजीची नजर चुकवून का होईना. आणि रोज थोडा वेळ दोन्ही नको, बाळ उघडंच.

आता लावायचं काय? कातडी धड असेल तर खोबरेल पुरतं. लाल झाली की झिंक ऑक्साइडचं मलम. पोळीला तूप फिरवतो तसं नाही, पावाला लोणी थापतो तसं. पुढच्या वेळी ते खरवडायचं नाही, मळलेला वरचा थर तेवढा पुसायचा. बारशाला आलेला पावडरचा डबा मात्र बाजूलाच ठेवा. ती उडून बाळाच्या श्वासात जाते. बेसन-हळदही लाल कातडीवर नको.

घामोळ्यांचं गणित उलटं. मानेवर, छातीवर बारीक दाणे येतात ते घामाच्या वाटा बुजल्याने, तिथे तेल चोपडलं तर आणखी बुजतात. टोपडं काढा, पंखा लावा, साध्या पाण्याने आंघोळ घाला.

जांघेच्या घडीत भडक लाली, कडेला सुटे ठिपके, आणि झिंक लावून दोन-तीन दिवसांत उतार नाही, तर बहुधा बुरशी. अँटिबायोटिक झाल्यावर ती बऱ्याचदा डोकं वर काढते. तिला बुरशीवरचं मलम लागतं, तेही डॉक्टरांनी पाहून दिलेलं. औषधाच्या दुकानातली ‘सगळ्यावर चालते’ अशी ट्यूब आणू नका. तिच्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड असतं, डायपरखाली ते जास्त शोषलं जातं आणि कातडी पातळ होते. पाण्याचे फोड, पू किंवा ताप दिसला, किंवा बाळ महिन्याच्या आतलं असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा.