ऑडिओ इंटरफेस मधेच बंद पडतोय: पॉवर्ड हब घ्यावा की आधी ड्रायव्हर-सेटिंग बघावं?

दोन्हीपैकी काय करायचं हे एकाच गोष्टीवर ठरतं, इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडायचा यूएसबीचा डबा) लॅपटॉपवरून गायब होतोय की दिसतोय पण आवाज तुटतोय.

गायब होत असेल, म्हणजे विंडोज टुंग करतं, इंटरफेसचा लाइट जातो आणि परत लागतो, तर बहुतेक वेळा भानगड पॉवरची नाहीतर केबलची. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचं बटण (फँटम, म्हणजे माइकला त्याच्याच केबलमधून जाणारी पॉवर) दाबलं की लगेच असं होतंय ना, मग संशय पॉवरवरच घ्या. यूएसबी २.० पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० कडून ९००, आणि तेवढ्यात प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग), हेडफोन, दोन माइकचा फँटम असं सगळं भागवायचं असतं. इथे पॉवर्ड हब (एका यूएसबी पोर्टचे अनेक करणारा, स्वतःची पॉवर असलेला डबा) खरंच कामाचा, पण त्याला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर हवाच, नुसता चार पोर्टवाला स्वस्तातला घेतलात तर तो लॅपटॉपचीच पॉवर वाटत बसणार म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आणि हबच्या आधी केबल बदला, मोबाइल चार्जिंगच्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच.

आवाज नुसता तुटतोय, कटकट येतेय, तर हबवर एक रुपयाही घालू नका. कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिरात पोचवणारा) टाका, बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल साठवून घेतो तो आकडा, १२८ चा २५६ करा (४४.१ किलोहर्ट्झला साधारण ५.८ मिलिसेकंदांचा उशीर, गाणाऱ्याला सहसा जाणवत नाही), मिक्सिंगला १०२४ ठेवलात तरी चालेल. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करून बघा, त्याचा ड्रायव्हर बऱ्याचदा मधे घोळ घालतो. पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड मात्र दोन्ही केसमध्ये बंद करा, कारण थोडा वेळ काही वाजवलं नाही की इंटरफेस झोपतो तो यानेही.

सारखी घूं येत असेल तर ती तिसरीच गोष्ट, चार्जर काढून बॅटरीवर चालवा, गेली की अर्थिंगचा प्रॉब्लेम समजा.

माझं स्पष्ट मत, सेटिंग फुकट आहे तर तेच आधी. तरी गायब होतच असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना लॅपटॉप, इंटरफेस, माइक सगळं बॅगेत भरून न्या, दुकानातच हब लावायला सांगा, दोन्ही चॅनलचा फँटम चालू करा आणि पाच-दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करूनच पैसे द्या.