जीनमधलं म्यूटेशन स्ट्रक्चरवर नेमकं कुठे बसतं: पीडीबी की अल्फाफोल्ड?

पीडीबी (प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रोटीनच्या 3डी स्ट्रक्चर्सचा डेटाबेस) 1971 पासून आहे आणि तिथली स्ट्रक्चर्स प्रयोगातून आलेली, त्यामुळे माझा पहिला कल तिकडेच. पण जीनच्या सीक्वेन्सवरून तिथे पोचणं सरळ नाहीये, कारण बऱ्याच एन्ट्रीत प्रोटीनचा तुकडाच असतो, मधले काही रेसिड्यू (साखळीतली एकेक अमिनो आम्लं) दिसतच नाहीत, कधी टॅग (प्रयोगाच्या सोयीसाठी लावलेला जास्तीचा तुकडा) जोडलेला असतो आणि नंबरिंग युनिप्रॉटशी (प्रोटीन सीक्वेन्सच्या डेटाबेसशी) जुळेलच असं नाही. म्हणून सिफ्ट्सचं मॅपिंग वापरा, ते पीडीबीचा एकेक रेसिड्यू युनिप्रॉटच्या नंबरला जोडून देतं. हे टाळून नुसता नंबर बघून म्यूटेशन दाखवू नका प्लीज, चुकीचं अमिनो आम्ल रंगवलं जातं आणि लक्षातही येत नाही.

अल्फाफोल्डमध्ये, म्हणजे सीक्वेन्सवरून एआयने बांधलेल्या स्ट्रक्चर्सच्या डेटाबेसमध्ये, ही कटकटच नाही, मॉडेल युनिप्रॉटच्याच सीक्वेन्सवर बनलेलं, नंबर थेट जुळतो, आणि मॉडेल्स 20 कोटींच्या वर. पण तो अंदाज आहे. पी53 हे प्रोटीन घ्या, 393 अमिनो आम्लांचं, सुरुवातीचा भाग सैल, तिथे पीएलडीडीटी स्कोअर (त्या जागेबद्दल मॉडेलला किती खात्री आहे तो आकडा) कमी येतो आणि त्या आकारावर विसंबता येत नाही.

पी53 च्या 175 व्या जागेचं म्यूटेशन असेल तर मी पीडीबीच घेईन, डीएनएला चिकटणारा तो भाग तिथे डीएनएसकट मिळतो.

आणि हो, दोन्हीकडे आधी आयसोफॉर्म (एकाच जीनपासून बनणाऱ्या प्रोटीनचं नेमकं कुठलं रूप आहे ते) तपासा.