वाळपईचं मशीन फोंड्यातून उठवायचं: नेटवर्क बूट, सात महिन्यांनंतर

अडलेलं मशीन त्याच्या डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू करून घरबसल्या दुरुस्त करायची ही सोय मे महिन्यात बसवली, आता डिसेंबर चालू आहे. अख्खा पावसाळा काढला म्हणून आत्ता लिहितोय, पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. एका पतसंस्थेच्या तीन शाखांचे आणि डिचोलीतल्या एका शाळेच्या लॅबचे कंप्युटर सांभाळतो. त्यातली एक शाखा सत्तरी तालुक्यातल्या वाळपईला. जूनमध्ये सत्तरीत गडगडाट सुरू झाला की लाईट किती वेळा जाते हे तिकडच्या लोकांना सांगायला नको, आणि ती परत आली की कुठलं तरी एक मशीन विंडोजपर्यंत पोचतच नाही. आधी काय करायचो, पेनड्राइव्ह खिशात टाकून पावसातून उसगाव, गुळेली करत वाळपईला, तिथे पंधरा मिनिटांचं काम आणि अर्धा दिवस रस्त्यात.

आता प्रत्येक ठिकाणी एक रास्पबेरी पाय (छोटासा कंप्युटर, पुढे नुसतं ‘पाय’) ठेवलाय, त्यावर डीएनएसमास्क (मशीनला बूटची फाईल कुठे आहे ते सांगणारा), आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करवणारा छोटा प्रोग्राम) आणि सिस्टमरेस्क्यू (दुरुस्तीची हत्यारं असलेलं लिनक्स), आणि माझ्या घरून तिथपर्यंत वायरगार्डची, म्हणजे व्हीपीएनची, सुरक्षित लाईन. मशीन अडलं की शाखेतल्या ताई मला फोन करतात, मी सांगतो एफ 12 दाबा आणि नेटवर्क निवडा, बस, त्यांचं काम एवढंच. मशीन हार्डडिस्कला हात न लावता नेटवर्कवरून लिनक्स उचलतं आणि मी एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड देत, आत जातो. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांची अडते, सिस्टमरेस्क्यूची फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवते, त्यामुळे बूटच्या ओळीत नोफायरवॉल आणि रूटपास (आत जायचा पासवर्ड) हे दोन्ही द्यावेच लागतात, नाहीतर बाहेरून आत जाताच येत नाही आणि माणूस केबल तपासत बसतो.

शाखेच्या राउटरमध्ये बूट सर्व्हरचा पत्ता टाकायची सोयच नव्हती. त्यावर डीएनएसमास्कचा प्रॉक्सी मोड हा उपाय, आयपी राउटरच देतो, पाय फक्त बूटची फाईल कुठे आहे ते सांगतो, चालू नेटवर्कला धक्का नाही. टीएफटीपीवरून (फाईल पाठवायची जुनी, साधी पद्धत) फक्त आयपीएक्सई येऊ द्या, ती फाईल अगदी छोटी असते, बाकीचं सगळं एचटीटीपीवरून घ्या. शाळेत मात्र दोन दिवस गेले, कारण तिथला स्विच स्पॅनिंग ट्रीवाला, म्हणजे केबलींचा फेरा तर होत नाही ना हे आधी तपासणारा, पोर्ट उघडायला 30 सेकंद घेतो आणि तोपर्यंत मशीन आयपी मागून मागून थकलेलं असतं. लॅबच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच उघडायची सेटिंग) लावलं आणि सगळी मशीनं पहिल्या झटक्यात उठली. रॅम 4 जीबी असेल तर कधीच अडलं नाही, 2 जीबीवाल्या दोन मशीनवर कधी जमतं कधी नाही.

आता खरं महत्त्वाचं. जुलैमध्ये वाळपईचं कॅशचं मशीन विंडोजच्या ऑटोमॅटिक रिपेअरमध्येच गोल गोल फिरत होतं. पूर्वी मी सरळ चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं हत्यार) मारलं असतं. यावेळी आत जाऊन आधी स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघितली तर पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) भरपूर, म्हणजे डिस्कच चाललेली, अशा डिस्कवर चेकडिस्क म्हणजे उरलेलं पण घालवणं. मग डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कची कॉपी काढणारं हत्यार, पहिल्या फेरीत फक्त जे सहज वाचता येतं ते, खराब भागांवर नंतर तीन प्रयत्न, आणि ही कॉपी (इमेज) पायला लावलेल्या बाहेरच्या डिस्कवर. मध्ये दोनदा लाईट गेली पण कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी मॅपफाईल असल्यामुळे जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं. स्विच जुना 100 एमबीपीएसचा, सेकंदाला जेमतेम 11-12 एमबी, 500 जीबीला बारा तास धरून चाला. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी खात्यांचा सगळा डेटा हातात होता, आणि ताई फोनवर रडायच्याच बाकी होत्या. माझ्यासाठी सगळ्या खटाटोपाची किंमत त्या एका सकाळी वसूल झाली. आधी कॉपी, मग दुरुस्ती, हे कोणाला पटत नसेल तर मी भांडायला तयार आहे.

बाकी बहुतेक केसेस साध्याच. 0xc000000f ही एरर दिसली की बहुधा बीसीडी (विंडोज कुठून सुरू करायचं याची नोंद) बिघडलेला असतो, त्याला विमबूटने नेटवर्कवरून विंडोज पीई (दुरुस्तीपुरतं छोटं विंडोज) उठवायचं आणि ती नोंद परत बनवणारं बीसीडीबूट चालवायचं, फक्त पीईमध्ये तुमची सी ड्राइव्ह डी किंवा ई होऊन बसते, आधी डिस्कपार्टमध्ये (ड्राइव्हची यादी दाखवणारी कमांड) बघा. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स म्हणजे चेकडिस्क नव्हे, ते थोडंसं सावरतं आणि पुढच्या बूटला विंडोजला तपासायला लावतं. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता अर्धवट झोपायची सोय) सगळ्या मशीनवर बंद करून टाका, नाहीतर लिनक्स ती ड्राइव्ह अर्धवट झोपलेली बघून तिच्यावर लिहायला देत नाही.

जिथे हरलो ते पण सांगतो. नवीन मशीनवर माझी आयपीएक्सई चालवायला सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद करावं लागतं, आणि ते बंद केलं की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) उघडण्यासाठी 48 आकडी की मागतो. एका नवीन मशीनची की ज्याने सेटअप करून दिला त्याच्या अकाउंटवर, आणि तो माणूस फोन उचलेना. त्या मशीनमधला डेटा गेला तो गेला. त्यानंतर चवथीच्या सुट्टीआधी मी चारही ठिकाणच्या कीज मॅनेज-बीडीई या विंडोजच्या कमांडने काढून कागदावर छापून तिथल्या तिजोरीत ठेवायला लावल्या. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीनं अडली होती, तेव्हा पण बऱ्याच ठिकाणी ही की शोधण्यातच वेळ गेला.

अजून एक, ही बूट सर्व्हिस चोवीस तास चालू ठेवू नका. टीएफटीपीला पासवर्ड नसतो, रूटपास तर कॉन्फिगमध्ये उघडा पडलेला, लॅबमधलं कुठलंही पोर एफ 12 दाबून आत जाऊ शकतं. मी फोन आला की चालू करतो, काम झालं की बंद.

ऑक्टोबरमध्ये वाळपईच्या पायचं मेमरी कार्डच गेलं, सारखी लाईट जाऊन जाऊन. आता तो एसएसडीवर आणि छोट्या यूपीएसवर आहे, आणि तयार केलेलं दुसरं कार्ड ताईंच्या ड्रॉवरमध्ये, नाव लिहून.