डिकीतला अडीनडीचा संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या गाडीच्या डिकीत सध्या एवढं सामान असतं: १२ व्होल्टवर चालणारा हवेचा पंप, टायरमधल्या हवेचा दाब मोजणारं काट्याचं साधं गेज, ट्यूबलेस पंक्चरचा संच, लांब दांड्याचा पाना, गाडीबरोबर आलेला जॅक, लाकडी फळीचा तुकडा, तयार मिसळलेल्या कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली, परावर्तक त्रिकोण, डोक्याला लावायचा दिवा आणि जाड हातमोजे. हे सगळं कडक उन्हात, पावसात, रात्रीच्या प्रवासात वापरून झालं आहे. माझ्या लेखी सगळ्यात वर पंप आणि गेज, त्याखालोखाल पाना आणि दिवा. पंक्चरचा संच क्वचित लागतो, पण हवाच. लागलेली अडचण सोडवणाऱ्या वस्तूंपेक्षा अडचण आधी दाखवणाऱ्या वस्तूंनी मला जास्त वेळा वाचवलं, हे आधीच सांगतो.

पंपाबद्दल सविस्तर लिहितो, कारण रोजच्या वापरात तोच येतो. माझा पंप सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालतो. असे पंप सहज दहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतात, त्यामुळे हवा भरताना इंजिन सुरू ठेवायचं (मोकळ्या जागेत), नाहीतर हवा भरता भरता बॅटरी उतरू शकते. अर्धवट बसलेलं चाक पुन्हा नीट उभं करायला पाचेक मिनिटं लागतात. सलग चार चाकं भरायची असतील तर मध्ये पंपाला विसावा द्यावाच लागतो. पितळी तोंड एवढं तापतं की उघड्या बोटांनी सोडवता येत नाही. हातमोजे सगळ्यात जास्त तिथेच कामी आले. माझ्या पंपाचं तोंड आट्यांचं आहे, ते फिरवून काढेपर्यंत थोडी हवा निसटते. म्हणून दोनेक पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त भरून मग गेजने मोजून बरोबर करतो. पंप चालू असताना त्याच्या पडद्यावर दिसणारा आकडा मी अंदाज म्हणूनच घेतो. काट्याचं गेज वेगळं ठेवलंय ते त्यासाठीच.

किती हवा भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेलं असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. मोजायचं ते टायर गार असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असेल तेव्हा. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढलं की छोट्या गाडीच्या टायरमध्ये साधारण दीड पीएसआय वाढतात. हायवेवरून आल्या आल्या ३६ दिसले म्हणून हवा सोडून ३२ केली, तर सकाळी तोच टायर कमी हवेवर उभा असेल.

दर पंधरवड्याला गेज लावायची सवय लागली आणि त्यातूनच मागच्या डाव्या चाकाचं दुखणं कळलं. बाकी तिन्ही चाकं जागच्या जागी आणि हे प्रत्येक वेळी तीन-चार पीएसआय खाली. टायरवर खिळा नाही, काप नाही. साबणाचं पाणी घेऊन व्हॉल्व्हच्या तोंडावर दोन थेंब सोडले. थोड्या वेळाने तिथे एक छोटा फुगा आला, फुटला, पुन्हा आला. व्हॉल्व्हची पिन बदलली आणि प्रश्न मिटला. हे कळलं नसतं तर लांबच्या प्रवासात तो टायर कमी हवेवर धावला असता, आणि तसा धावणारा टायर आतून तापत जातो, त्याच्या बाजू सारख्या दुमडतात. रस्त्यात टायर फुटण्यामागे हे एक मोठं कारण असतं.

खिळ्याच्या बाबतीत माझा नियम पक्का झाला आहे: हवा हळू जात असेल तर खिळा उपटायचा नाही. खिळा स्वतःच भोक बुजवून बसलेला असतो. पुढच्या चाकात स्क्रू रुतला होता, तेव्हा पंपाने पूर्ण हवा भरली, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश गाडी नेली आणि काम झालं. संच उघडलाही नाही.

संच लागला तो दुसऱ्या वेळी, हवा सूं आवाज करत बाहेर पडत होती तेव्हा. खिळा कोणत्या कोनात शिरलाय ते आधी नीट बघून ठेवायचं, कारण टोच्या त्याच कोनात घालायचा असतो. मग दातेरी टोच्या आतबाहेर फिरवून भोक साफ करायचं, सुईच्या नाकात चिकट वात ओवायची, सोल्युशन लावायचं आणि जोर लावून वात आत दाबायची. दोन्ही टोकं बाहेर सेंटीमीटरभर राहिली की सुई झटक्यात ओढून काढायची. वाचायला सोपं वाटतं, पण टायरमध्ये तारांचे थर असतात, तिथून सुई नेताना मनगटाला चांगलीच रग लागते. संच घेताना टोच्याची मूठ टी आकाराची आणि धातूची आहे ना, एवढं बघाच. प्लॅस्टिकच्या मुठीचा संच मी हाताळून पाहिला आणि परत ठेवला, त्या जोराला ती टिकणार नाही. हा उपाय टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागापुरताच, आणि भोक सहा मिलिमीटरपर्यंतचं असेल तरच. बाजूच्या भिंतीला काप गेला तर वात घालायचा विचारही करू नका. आणि वात घातल्यावरही टायर रिंगवरून उतरवून आतून पॅच लावून घ्यायचाच.

भिंतीला काप गेलेला टायर मलाही भेटला, तोही रात्री. त्या दिवशी पान्याची किंमत कळली. गाडीबरोबर येणारा पाना वीतभर लांब असतो. छोट्या गाडीचे नट साधारण १०० ते १२० न्यूटन मीटरला आवळायचे असतात. त्यासाठी २५ सेंटीमीटरच्या पान्यावर चाळीस-पन्नास किलोचा जोर लागतो, पान्याची लांबी दुप्पट केली की निम्मा. त्यात गॅरेजमध्ये हवेच्या गनने आवळलेले नट याहून कितीतरी घट्ट असतात. माझ्या लांब पान्याने सगळे नट सरळ उभं राहून सुटले.

क्रम महत्त्वाचा आहे. गाडी सपाट, कडक जागी घ्यायची, धोक्याचे दिवे लावायचे, त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवायचा आणि वेगाचा रस्ता असेल तर आणखी मागे. बरोबरच्या माणसांना गाडीत बसू द्यायचं नाही, रस्त्यापासून दूर उभं करायचं. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो. त्यामुळे मागचं चाक उचलताना हँडब्रेकवर विसंबता येत नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून समोरच्या चाकांना दगड लावावेच लागतात. जॅक खालच्या पत्र्याच्या खाचेतच लावायचा. कडेची माती ओली असेल तर फळीचा तुकडा खाली हवा, नाहीतर जॅकच जमिनीत जातो. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, जॅक निसटला तर गाडी त्यावर टेकते.

सगळे नट काढूनही माझं चाक हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) गंजाने चिकटून बसलं होतं, हलेना. अशा वेळी दोन नट तीन-चार आटे परत लावायचे आणि टायरला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी टाचेने ठोकायचं. चाक सुटतं आणि नट असल्यामुळे अंगावर येत नाही. नट पुन्हा आवळताना समोरासमोरचे घ्यायचे, शेवटचं आवळणं चाक जमिनीवर टेकल्यावर, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. माझी स्टेपनी बारीक, तात्पुरत्या वापराची आहे. तिच्यात ६० पीएसआय हवा लागते आणि ताशी ८० च्या वर तिच्यावर गाडी न्यायची नाही. डिकीच्या तळाशी पडून तिची हवा उतरत राहते, म्हणून गेज तिलाही लावतो.

आता कूलंट. बाटलीपेक्षा इथे टाकीवरच्या दोन खुणांनी जास्त काम केलं. सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडून बघायचं, पातळी किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये हवी. कूलंटची व्यवस्था बंदिस्त असते, पेट्रोलसारखं ते संपत जाणं अपेक्षित नाही. माझ्या गाडीत पातळी काही आठवड्यांत वरच्या खुणेवरून खालच्या खुणेला आली, म्हणजे ते कुठेतरी जात होतं. जमिनीवर थेंब नाही. टॉर्च घेऊन पाइपांवरून बोट फिरवत गेल्यावर रेडिएटरच्या खालच्या पाइपच्या क्लिपपाशी वाळलेला, रंगीत, खरखरीत थर हाताला लागला. गरम इंजिनवर थेंब पडताच सुकत होता, म्हणून खाली ओल दिसत नव्हती. क्लिप बदलल्यापासून पातळी हललेली नाही. बाहेर कुठेच गळती सापडली नाही आणि तरी पातळी उतरत असेल, शिवाय ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिखल किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेल्याची शंका घ्यावी आणि गाडी चालवू नये.

चढावर, रांगेत गाडी रखडत असताना इंजिनच्या तापमानाचा काटा मध्याच्या वर चढायला लागला. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात केला. आत भट्टी होते, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची उष्णता तो बाहेर काढतो. काटा खाली आला आणि गाडी सुरक्षित जागी घेता आली. मोकळ्या रस्त्यावर काटा ठीक आणि रखडताना चढतो, याचा अर्थ बहुधा रेडिएटरचा पंखा फिरत नाही. इथेही पंख्याचा फ्यूजच गेलेला निघाला. काटा लाल पट्टीत असेल किंवा वाफ दिसत असेल तर मात्र हीटरचा उपाय करत पुढे जायचं नाही, थांबून इंजिन बंद करायचं. आणि लाल पट्टीत गेलेला काटा अचानक खाली पडला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट पूर्ण संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं सांगतो.

इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका, हे मी बरोबर असणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. कूलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉलचं निम्मं-निम्मं मिश्रण, उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, पण झाकणाच्या साधारण एक बारच्या दाबाखाली १२५ च्या पुढेही द्रव राहतं. झाकण सैल झालं की ते तिथल्या तिथे उकळून अंगावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबायचं, वरचा पाइप हाताला गार लागला की जाड फडकं धरून झाकण थोडंसं फिरवायचं, दाब जाऊ द्यायचा, मग उघडायचं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. कूलंट नसेल तर अडचणीत पाणी चालतं, शक्यतो डिस्टिल्ड, पण नंतर मिश्रण बदलून घ्यावं लागतं. रंगावरून कूलंट निवडू नका. हिरवा, गुलाबी, निळा या रंगांना सगळ्या कंपन्यांत एकच अर्थ नाही, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार बघा. बाटली मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं.

लिथियमचा जम्प स्टार्टरही घेतला आहे, उतरलेल्या बॅटरीवर त्याने गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू केली. लाल चिमटा धन टोकाला, काळा इंजिनच्या उघड्या धातूला. तो डिकीत मात्र ठेवत नाही. उन्हात उभ्या गाडीतली उष्णता लिथियमला सोसत नाही, म्हणून घरी ठेवतो, अधूनमधून चार्ज करतो आणि लांब जाताना बरोबर घेतो.

टायरमध्ये सोडायचा सीलंट (आतून भोक बुजवणारा द्रव) मी घेतलेला नाही, कारण माझ्याकडे स्टेपनी आहे. सीलंट टायरच्या आत पसरतो, पुढे पॅच लावणाऱ्याला तो सगळा पुसून काढावा लागतो, आणि बाटलीला मुदत असते. पण बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीच्या जागी पंप आणि सीलंटची बाटलीच येते. तुमची गाडी तशी असेल तर बाटलीवरची तारीख आजच बघा, आणि भिंतीला काप गेला तर ती बाटली कामाची नाही हे धरून गाडी उचलून नेणाऱ्या सेवेचा नंबर फोनमध्ये ठेवा.